गौराक्काच्या गळ्याचा रिपोर्ट

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या संघटनेत सगळे म्हणतात. खरंच आहे ते. मनात आलं की मी बोलते, बोलून भागलं नाही की पत्रक काढते. पण एक गोष्ट राहिली आहे. सहा वर्षं राहिली आहे. आईला सांगितली नाही, संघटनेत कुणाला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. कदाचित — नको, कदाचित वगैरे नको. सांगते.

आधी त्या सुईबद्दल सांगते. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल, एवढं सांभाळून घ्या.

तुम्ही कधी कुणाच्या गळ्यात सुई जाताना बघितली आहे? मी बघितली तेव्हा चोवीस वर्षांची होते. कागलच्या पुढं, हायवे सोडून आत गेलं की एक गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या शाळेच्या एका वर्गात, दोन बाकं जोडून त्यांवर सतरंजी टाकलेली. त्यावर गौराक्का उताणी झोपलेली, खांद्याखाली उशी, मान मागं टाकलेली. गळ्याच्या उजव्या बाजूला, घाटीच्या जरा खाली, आवळ्याएवढी गाठ. गिळलं की ती गाठ वर जायची आणि खाली यायची. मला तर बघवत नव्हतं.

गौराक्का लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि ती डबी बरोबर गाठीवरून खाली उतरायची. ते अंगावेगळं करत नाहीत. आता सुई कशी टोचायची? मी म्हणणार होते, काढून ठेवा की थोडा वेळ. पण डॉक्टरबाई माझ्याआधी बोलल्या. दोरा तसाच राहू दे, म्हणाल्या, डबी डाव्या तळहातात धर आणि मी सांगेपर्यंत गिळू नकोस. गौराक्कानं मूठ मिटली. डोळे मात्र उघडेच ठेवले.

इंजेक्शनच्या सुईपेक्षाही बारीक सुई होती ती. भूलबिल काही नाही. बाईंनी दोन बोटांत गाठ धरली, सुई आत गेली, चार-पाच वेळा बारीक मागं-पुढं झाली आणि बाहेर आली. दहा-बारा सेकंद. सुईतून काचेच्या पट्टीवर एक थेंब पडला, बाजरीच्या दाण्याएवढा. बाईंनी दुसऱ्या काचेनं तो पसरला. झालं.

एवढ्यावर कळणार? एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य एवढ्याशा थेंबात?

मी हे मनातच म्हटलं. मोठ्यानं विचारलं ते मंजूनं. मंजू म्हणजे गौराक्काची एकुलती एक पोर, गारगोटीच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आईच्या पायाशी उभी होती. आई घाबरलीय वगैरे तिच्या लक्षातच नव्हतं, ती त्या काचेकडं बघत होती. मॅडम, ह्यात काय दिसतं? मला बघता येईल? बाई हसल्या. लॅबला ये कोल्हापुरात, म्हणाल्या, दाखवते. मंजूचा चेहरा असा झाला की — मला अजून दिसतो तो चेहरा. हे लक्षात ठेवा.

आता आमचं तिथं काय काम होतं ते सांगते. त्या गावच्या ओढ्यात एका कारखान्याचं पाणी येत होतं. फेस यायचा, वास यायचा, म्हशी तोंड लावायच्या नाहीत. सरकारी खात्यानं पाण्याचे नमुने नेले होते आणि अहवाल दाबून ठेवला होता. यावर मी तेव्हा पेटले होते आणि आजही पेटलेलीच आहे, त्यातलं एक अक्षर मागं घेत नाही. ओढा घाण होता. पण घाण ओढ्यासाठी कोल्हापुरात कोण रस्त्यावर येतंय? पत्रक वाचून लोक भेळेला वापरायचे. मग कुणीतरी म्हणालं की त्या गावात बायकांचे गळे सुजलेत. आणि मी उडी मारली.

पाण्याचा आणि गळ्याचा संबंध आहे का, मला माहीत नव्हतं. पण पत्रकाला संबंध लागत नाही. दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवली की भागतं. वाचणारा जोडून घेतो. हे मला कॉलेजातच कळलं होतं आणि त्याची मला ऐट होती.

डॉक्टरबाई माझ्या शब्दावर आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, शहरात स्वतःची छोटी लॅब, बोलायला माझ्याहून फटकळ. पहिल्यालाच म्हणाल्या की थायरॉइडला सूज यायची कारणं खंडीभर असतात, मी तपासेन आणि दिसेल ते सांगेन, तुला हवं ते सांगणार नाही. मी मान डोलावली. त्यांनी सगळ्या बायकांचे गळे हातानं चाचपले, रक्त घेतलं. बऱ्याच जणींना काहीच नव्हतं. सुई लागेल अशी गाठ एकटीला, गौराक्काला. कागलला तिची सोनोग्राफी आधी झाली होती, तिथं कुणीतरी ‘बघावं लागेल’ एवढंच म्हणालं होतं. त्या दोन शब्दांवर गौराक्कानं आपलं मरण पक्कं करून टाकलं होतं. तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? वर्षभर अंगात त्राण नव्हतं. केस मूठभर गळायचे, आवाज बसलेला, भर उन्हात थंडी वाजायची, धार काढताना हात भरून यायचे. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. दोन म्हशी, थोडं रान आणि मंजू.

आणि एक. शाळेतल्या त्या तपासणी-शिबिरात फॉर्म मी भरले. बायकांकडं फोन असायचा तो नवऱ्याचा नाही तर पोराचा, त्यात कुणाचा रिचार्ज संपलेला. म्हणून संपर्क क्रमांक म्हणून सगळ्यांच्या फॉर्मवर मी माझाच नंबर घातला. सोय म्हणून. खरंच सोय म्हणूनच. सगळे रिपोर्ट माझ्याकडं येणार होते.

सुई टोचायच्या आधी मी गौराक्काच्या गळ्याचा फोटो काढून घेतला होता. पदर बाजूला, मान वर, लिंगाची डबी, शेजारी गाठ. पत्रकावर तो मोठा करून छापला, वर तीनच शब्द — हा गळा बघा. खाली ओढा, कारखाना, मागणी, मोर्चाची तारीख. माझं आजवरचं सगळ्यात गाजलेलं पत्रक. वर्तमानपत्रानं उचललं, कागलात लोक झेरॉक्स काढून वाटायला लागले, जी माणसं आमच्याकडं बघून रस्ता बदलायची ती फोन करून ‘किती वाजता यायचं’ विचारायला लागली. मोर्चा सोमवारचा. त्याच्या अकरा दिवस आधी, गुरुवारी, डॉक्टरबाईंनी मला लॅबला बोलावलं.

या गुरुवारपाशी आलं की मी नेहमी थांबते. आज थांबायचं नाही.

बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तुला बघायचं होतं ना, म्हणाल्या. बघायचं मंजूला होतं. पण मंजू नव्हती, मी होते, मी डोळा लावला. आधी नुसता धूसर उजेड. मग बाईंनी एक चक्री फिरवली आणि — काय सांगू तुम्हाला? काचेवर पातळ, गुलाबी-निळसर काहीतरी पसरलं होतं, गुऱ्हाळात ताटलीत काकवी ओतून ताटली तिरकी केल्यावर पसरते तसं. मधे मधे तडे गेलेले. आणि त्यात पेशी. एकीला एक खेटून, एका मापाच्या, मधाच्या पोळ्यासारख्या ओळीनं बसलेल्या. गोल, शांत. प्रत्येकीच्या मधोमध एक गडद ठिपका. मी आयुष्यात इतकं नीटनेटकं काही बघितलं नव्हतं. म्हशीमागं शेण काढणाऱ्या, कुठल्याही देवळावर कुणी न कोरलेल्या बाईच्या गळ्याच्या आत हे असं मांडून ठेवलेलं?

आमच्या घरात देव नाहीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, आणि वडिलांनी मला लहानपणी एकच गोष्ट शिकवली की कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः बघून मानायचं. मी बघत होते. माझ्या अंगावर काटा आला होता. डोळा काढवेना.

बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. कॅन्सर असता तर या पेशी अशा बसल्या नसत्या, गर्दी केली असती, लहान-मोठ्या झाल्या असत्या, मधले ठिपके वाकडेतिकडे झाले असते. ही साधी गाठ आहे, नुसता साठा झालाय आत. ठेवा लक्ष, बास. मग त्यांनी रक्ताचा कागद पुढं केला. टीएसएच वाढलेलं. टीएसएच म्हणजे, त्यांनी मला समजावलं, मेंदूखालच्या ग्रंथीनं थायरॉइडला मारलेली हाक. थायरॉइड काम कमी करायला लागली की ती हाक वाढते, आणि रक्ताच्या एका नळीत ती मोजता येते. थकवा, केस, थंडी, बसलेला आवाज, सगळं त्यातलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. साबुदाण्याहून जरा मोठी असेल. एवढ्यावर बाई उठून उभी राहील.

मी थक्क झाले होते. एक थेंब आणि एक नळी रक्त, आणि एका बाईला, तू पक्कं केलेलं मरण मागं घे, म्हणून सांगता येत होतं.

“आजच फोन कर तिला,” बाई म्हणाल्या. “उद्यावर टाकू नको. ती रोज मरत असेल.”

मी हो म्हणाले. रिपोर्ट घेतला. त्याची फोनवरही प्रत आली होती, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. बाहेर आले, गाडीला किक मारली, आणि रस्त्यावरच्या एका खांबावर मला माझं पत्रक दिसलं. हा गळा बघा.

मी फोन केला नाही.

त्या दिवशी मनात काय चाललं होतं ते लिहू शकते, पण ते लिहिलं की ती सबब होते. एवढंच लिहिते की मी विसरले नव्हते. बाकीच्या बायकांचे रक्ताचे रिपोर्ट मी शुक्रवारी गावात जाऊन वाटले. गौराक्काच्या घरावरून गेले. ती दारात होती. सुईचा वेगळा असतो, वेळ लागतो, असं मी गाडीवरूनच सांगितलं. तिनं मान हलवली.

इथं संपलं असतं तर हे कबूल करायला मला सहा वर्षं लागली नसती.

पुढच्या शुक्रवारी, मोर्चाच्या तीन दिवस आधी, भर दुपारी तिचा फोन आला. शेजारणीच्या फोनवरून. मला ती तंगी म्हणायची, तंगी म्हणजे धाकटी बहीण, सीमेकडच्या बायका तसं म्हणतात. तिचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

“तंगी, रिपोट आलाय का गं? न्हाई, घाई न्हाई करत मी. पर आयतवारी माझा भाऊ येतोय चिकोडीस्नं. त्येच्या पोरासाठनं मंजूला मागतोय. त्येला दुसरं स्थळ आलंय, मग थांबणार न्हाय म्हंतोय. आता मी ऱ्हाणार असंन तर पोरीला शिकू दे, न्हाय म्हणून सांगतो. आन जाणार असंन तर हो म्हणतो बाई. कुणाच्या गळ्यात टाकून जाऊ तिला? तू सांग, आलाय का?”

रिपोर्ट माझ्या शबनममध्ये होता. मी मोर्चाचे फलक रंगवत बसले होते, बोटांना लाल रंग होता. पुसायला फडकं घेतलं तेव्हा पिशवी पायाला लागली, इतका जवळ होता.

“अजून न्हाय आला, आक्का,” मी म्हणाले.

हे आहे ते. हे मी केलं.

ती म्हणाली, बरं. म्हणाली, सोमवारी येतो मी मोर्चाला, चार जणी घिऊन येतो. आणि फोन ठेवला. मी ब्रश उचलला. फलकावर काय लिहीत होते, विचारा की. ‘पाण्याचा अहवाल दाबून ठेवणाऱ्यांचा निषेध असो.’ निषेध पुरा झाला होता, असो राहिलं होतं. ते लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

सोमवारी दसरा चौकात ती आली. हिरवं इरकल नेसून, हातात पेढ्यांचा पुडा. माझ्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाली, काल मंजूचा साखरपुडा उरकला, माझं एक काम झालं. मी तो पेढा खाल्ला. मग आम्ही तिला पुढं घेतलं, पदर जरा खाली घ्या म्हणून मीच सांगितलं, आणि ती कलेक्टर कचेरीपर्यंत उघड्या गळ्यानं चालली. तिला दम लागत होता. थायरॉइड कमी असल्यावर लागतोच, आणि त्यावरची गोळी अकरा दिवसांपूर्वी सुरू झाली असती. बसलेल्या आवाजात ती सगळ्यांच्या वर ओरडत होती. अहवाल जाहीर करा. अहवाल जाहीर करा. तिच्या गळ्यातली गाठ वर जात होती, खाली येत होती, आणि त्या गाठीच्या आत काय आहे ते त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं. मीही ओरडत होते. आवाजाला माझ्या कधी काही झालं नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी रिपोर्ट घेऊन गेले. आत्ताच आला, म्हणाले. म्हणजे अजून एक.

गौराक्काला वाचता येत नाही. तिनं कागद मंजूकडं दिला. मंजूच्या बोटात नवी अंगठी होती, सैल, दोरा गुंडाळून बसवलेली. ती मोठ्यानं वाचायला लागली. नाव. वय. गाव. आणि मग ती थांबली. नावाच्या उजव्या बाजूला रिपोर्टची तारीख असते. मला ते माहीत होतं, मी तो कागद अकरा दिवसांत कितीदा तरी बघितला होता, आणि तरी ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मंजूनं तारीख बघितली. माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, सुई गळ्यात होती तेवढाच. मग खाली बघून पुढचं वाचलं. गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. रोज एक गोळी.

तारीख तिनं वाचली नाही.

का नाही वाचली? मी हे स्वतःला किती वेळा विचारलंय. आईनं भावाला दिलेला शब्द आता फिरणार नाही, हे तिला दिसलं असेल? की आईचं एवढं हसू तिनं वर्षभरात बघितलं नव्हतं, ते मोडवलं नाही? मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही. एवढं माहीत आहे की एवढी पत्रकं लिहून मी कुणाला कधी जपलं नाही, तिनं एक ओळ गाळून आईला जपलं, आणि त्या पोरीपुढं मी आजही मान वर करून उभी राहू शकत नाही. गौराक्का तेवढ्यात देवळीतून नारळ घेऊन आली. तुझ्यामुळं तपासणी झाली, न्हायतर मी भीतीनंच मेली असती, म्हणाली, आणि माझी ओटी भरली. मी भरून घेतली.

मंजूचं लग्न पंधरा दिवसांत झालं. दुसरं वर्ष अर्धं राहिलं. चिकोडीला असते, नवरा चांगला आहे म्हणतात, दोन मुलं आहेत. तिची आणि डॉक्टरबाईंच्या सूक्ष्मदर्शकाची गाठ पडली नाही. त्या पेशी, ती काकवी, ते मधाचं पोळं — तिच्या आईचं होतं, तिला बघायचं होतं, आणि बघितलं मी.

पाण्याचा अहवाल पुढं जाहीर झाला. पाणी खराबच निघालं. गळ्याशी त्याचा काही संबंध असल्याचं त्यात नव्हतं. आम्ही जिंकलो असं सगळे म्हणतात.

गौराक्का ठणठणीत आहे. गोळी चुकवत नाही. गाठ आहे तेवढीच आहे, दरवर्षी सोनोग्राफी आणि टीएसएच. त्या दिवशी ती मला बोलावते, एकटीला भ्या वाटतं म्हणते, आणि मी जाते. यंदा गाठ जरा मोठी वाटली म्हणून परत सुई घातली. तिनं डाव्या मुठीत लिंग धरलं, उजव्या हातात माझा हात. दहा-बारा सेकंद. थेंब, काच. मला परत तसाच काटा आला. रिपोर्ट परत साधाच निघाला, आणि मी तो घेतल्या घेतल्या तिथल्या तिथं वाचून दाखवला.

तेव्हा लॅबच्या बाकावर शेजारी गडहिंग्लजकडची एक बाई बसली होती. गळ्याला रुमाल, डोळे रडून लाल. गौराक्का तिच्याकडं सरकली. पाठीवरून हात फिरवला.

“भिऊ नगंस बाई,” तिला म्हणाली. “काय नसतंय. ही माझी तंगी हाय. रिपोट आला की लगी सांगती, एक दीस ठेवत न्हाय पोटात.”

ती बाई माझ्याकडं बघायला लागली. मी हसले.

गौराक्का, तो गुरुवारी आला होता.